टिकेलचा निळा माशीमार कसा ओळखावा: जंगलात नव्याने पक्षी बघणाऱ्यांसाठी

पहिली दोन वर्षं माझ्या वहीत ‘टिकेल’ या एका नावाखाली तीन वेगवेगळे पक्षी होते. छातीला नारिंगी दिसलं की मी टिकेल लिहून मोकळी व्हायचे. मग एका डिसेंबरात आंबोलीला काढलेला फोटो मी एका जुन्या जाणत्या पक्षिनिरीक्षकांना दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला आणि एकच प्रश्न विचारला, “हिची पाठ निळी आहे का?” नव्हती. पाठ मातकट तपकिरी होती आणि शेपटीला तांबूस झाक. ती टिकेल नव्हतीच. त्या रात्री जुन्या नोंदी काढून बसले आणि त्यातल्या निम्म्याअधिक खोडाव्या लागल्या, कारण पाठ कुठेही लिहिलेली नव्हती, गळा तर नव्हताच नव्हता.

हा पक्षी अवघड नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक झाडीच्या जंगलांत तो बारा महिने राहतो, माणसाला फार बुजत नाही, आणि एकदा फांदीवर बसला की थोडा वेळ तरी बसतो. गोंधळ होतो तो आपण चुकीच्या जागी बघतो म्हणून. निळा रंग डोळ्यात भरतो आणि आपण तोच बघत राहतो. ओळख मात्र गळ्याशी आणि पाठीवर ठरते. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

बरोबर काय न्यावं

- दुर्बीण, शक्यतो ८ × ४२. यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की साधारण सव्वापाच येतात, डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. खिशात मावणाऱ्या १० × २५ मध्ये तोच झोत अडीच मिलिमीटरचा होतो. उघड्या माळरानावर फरक जाणवणार नाही, पण हा पक्षी सावलीतला आहे आणि तिथे छोटी दुर्बीण काळोखच दाखवते. घेताना एक गोष्ट जरूर तपासा: दोन-तीन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसते का? टिकेल कधीकधी तेवढ्या जवळ येऊन बसतो.
- छोटी वही आणि पेन्सिल. पावसाळी हवेत शाईचं पेन दगा देतं.
- भारतीय पक्ष्यांचं चित्रांचं एक फील्ड गाइड. फोटोंपेक्षा चित्रांचं बरं, कारण चित्रात नर, मादी आणि पिल्लू शेजारी शेजारी असतात.
- मातकट किंवा हिरवट पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यावर येणारे बूट, पाणी.
- ओळखपत्र. अभयारण्याच्या फाटकावर विचारतात. कॅमेऱ्याचं शुल्क अनेक ठिकाणी वेगळं असतं, ते भरून पावती खिशात ठेवा. वेळा आणि सुट्टीचा दिवस आदल्या दिवशी विचारून घ्या. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, उदाहरणार्थ, सोमवारी बंद असतं.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

मराठीत या पक्ष्याला एकच ठरलेलं नाव नाही. कोणी टिकेलचा निळा माशीमार म्हणतं, कोणी निळी लिटकुरी. जंगलात एकमेकांना सांगताना मात्र सगळे ‘टिकेल’ किंवा ‘टिकेल्स ब्लू’ एवढंच म्हणतात. मीही इथे टिकेलच म्हणते. शास्त्रीय नाव सायऑर्निस टिकेलिई. १८४३ साली एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचं वर्णन केलं. नावातले टिकेल म्हणजे सॅम्युएल टिकेल, भारतात आणि ब्रह्मदेशात नोकरी केलेले ब्रिटिश सैन्याधिकारी आणि पक्षिअभ्यासक.

‘माशीमार’ या शब्दावरून फसू नका. स्वर्गीय नर्तकालाही माशीमार म्हणतात आणि नीलमणीलाही, कारण दोघेही उडते किडे टिपतात. पण त्यांचं कुळ वेगळं. टिकेलचं कुळ दयाळ आणि चिरक यांचं आहे. दयाळ जसा फांदीवर ताठ बसतो आणि शेपटी हलवतो, तसा टिकेलही बसतो. दयाळ ओळखीचा असेल तर ही ठेवण तुमच्या डोळ्यात आधीच आहे.

२. सुरुवात मे महिन्यात करा

सगळे सांगतात की पक्षी बघायला हिवाळ्यात जा. पक्ष्यांची संख्या मोजायची असेल तर खरंच आहे. पण टिकेल शिकायचा असेल तर माझा आग्रह मे महिन्याचा.

कारण असं. ऑक्टोबरपासून हिमालयातले माशीमार खाली सह्याद्रीत उतरतात. त्यात निळ्या गळ्याचा माशीमार असतो, नीलांग असतो, जमिनीवर वावरणारा निळा रॉबिन असतो. टिकेलशी घोळ होणारे बहुतेक पक्षी याच पाहुण्यांमधले. एप्रिल सरता सरता ते परत जातात आणि मागे उरतात इथलेच रहिवासी. मेमध्ये कर्नाळ्यात निळ्या पाठीचा, नारिंगी गळ्याचा माशीमार दिसला तर त्याला दुसरा दावेदार जवळपास उरत नाही. शिवाय झाडी विरळ झालेली असते, ओढे आटून एखाद्या डबक्यापुरते राहतात आणि पक्षी पाण्याला धरून असतात.

उकाडा होतो, ते कबूल. सकाळी उजाडता उजाडता आत शिरा आणि नऊपर्यंत बाहेर या. एका मेमध्ये दहा टिकेल नीट बघितलेत तर हिवाळ्यात अकरावा पक्षी वेगळा असला की लगेच खटकतो.

३. योग्य जागी थांबा

कर्नाळा, फणसाड, येऊर, संजय गांधी उद्यान, पुण्याजवळची सिंहगडची दरी, इकडे विदर्भात मेळघाट, ताडोबा, नागझिरा: टिकेल सगळीकडे आहे. त्याला घनदाट सदाहरित जंगलच लागतं असं नाही. पानगळीचं जंगल, बांबूची बेटं, दाट झाडांची जुनी बागसुद्धा चालते. त्याला दोन गोष्टी लागतात, सावली आणि मोकळी खालची जागा.

म्हणून वर शेंड्याकडे बघत चालू नका. नजर गुडघ्यापासून डोक्याच्या थोडं वर, एवढ्या पट्ट्यात ठेवा. आडव्या बारीक फांद्या, लोंबत्या वेली, बांबूचे वाकलेले कोंब, ओढ्याकाठची उघडी मुळं. टिकेल अशा जागी ताठ बसतो, मान इकडेतिकडे करतो, अचानक खाली किंवा बाजूला झेपावून किडा उचलतो आणि पुन्हा बसतो, बऱ्याचदा दुसऱ्याच फांदीवर. चोच मुळाशी रुंद आणि चपटी असते, तिच्या दोन्ही बाजूंना केसांसारखी राठ पिसं. दुर्बिणीतून जवळून बघायला मिळालं तर ती जरूर बघा.

चालण्यापेक्षा थांबणं फळतं. ओढ्याच्या वळणावर पाठीला झाड घेऊन पंधरा मिनिटं उभे राहा. बसण्याआधी मात्र फांद्या नीट बघा, विशेषतः बांबूत. हिरवा चापडा हा विषारी साप बांबूच्या काडीवर गुंडाळून बसला की पानात पान दिसतो, आणि दुर्बीण डोळ्याला लावलेल्या माणसाचा हात तिकडे सहज जातो.

४. डोळ्यांआधी कान

माझे निम्मे टिकेल मला आधी ऐकू आले आहेत. त्याचं गाणं छोटं असतं, सहा-सात स्वरांचं, बारीक, धातूच्या किणकिणीसारखं. काचेच्या दोन-चार बांगड्या एकमेकींवर हलकेच आपटाव्यात तसं. ओळ उतरते, पुन्हा थोडी वर चढते आणि संपते. मग थोडी विश्रांती आणि तीच ओळ. विणीचा काळ नसतानाही तो गातो, त्यामुळे हे गाणं वर्षभर कामाला येतं.

अस्वस्थ झाला की गाणं थांबतं आणि ‘टक्-टक्’ असा कोरडा आवाज येतो, मधूनच ‘चर्रर्’. हा आवाज तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर तुम्ही फार जवळ गेला आहात. दोन पावलं मागे घ्या.

नीलमणीचा आवाज याच्या अगदी उलट, खरखरीत आणि धारदार, ‘च्वी-च्वी’ असा. दोन्ही पक्षी एकाच ओढ्यावर असतात, पण आवाजात त्यांची गल्लत होत नाही.

५. गळा बघा, मग पाठ, मग पोट

आता मुख्य काम. पक्षी समोर बसला, तुमच्याकडे चार-पाच सेकंद आहेत. ते या क्रमाने वापरा.

*गळा.* चोचीच्या खालपासून बघा. टिकेलचा गळा नारिंगी असतो आणि तोच रंग सलग छातीवर उतरतो. निळ्या गळ्याच्या माशीमाराच्या नराची छातीही अशीच नारिंगी असते, पण गळा गडद निळा. नव्याने बघणारा माणूस छाती बघतो आणि थांबतो. तुम्ही तीन सेंटिमीटर वर जा. सगळा फरक तिथे आहे.

*पाठ.* टिकेलचा नर वरून गडद निळा, कपाळ, भुवई आणि खांदा जरा उजळ निळे, डोळा आणि चोच यांच्यामध्ये काळसर. मादी फिकी, करडट निळी, पण निळीच. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, कारण याच्या जवळच्या नातेवाइकांत माद्या तपकिरी असतात. नारिंगी गळा-छाती आणि तपकिरी पाठ दिसली तर ती टिकेल नाही. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या दाट, ओल्या जंगलात असाल तर पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराच्या मादीचा विचार करा. माझी आंबोलीची पाहुणी तीच होती. ही जात फक्त पश्चिम घाटात आढळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिचा नर तर सरळ निळा: गळा निळा, छाती निळी, पोट पांढरट, नारिंगी कुठेच नाही. त्या दोघांना शेजारी बघितल्याशिवाय ते जोडपं आहे हे मनाला पटत नाही.

आणि हिवाळ्यात तपकिरी पाठ, फिकट बदामी गळा, त्याखाली नारिंगी छाती असा पक्षी दिसला तर ती निळ्या गळ्याच्या माशीमाराची मादी. नावात निळा गळा असून अंगावर निळा रंग नाही, म्हणून ती हमखास चुकते.

*पोट.* टिकेलच्या छातीचा नारिंगी रंग खाली येऊन थांबतो आणि पांढरं पोट सुरू होतं. ही हद्द बऱ्यापैकी स्पष्ट असते. नारिंगी पार शेपटीपर्यंत उतरत गेला असेल तर थांबा, तुम्ही दुसरंच काही बघताय.

पावसाळ्यात एक चौथी गोष्ट समोर येते, पिल्लू. वीण साधारण एप्रिल ते ऑगस्ट. जून-जुलैत तपकिरी, अंगभर ठिपके-खवले असलेलं एक गोळामटोळ पाखरू फांदीवर बसलेलं दिसतं आणि कुठल्याच चित्राशी जुळत नाही. त्याचे पंख आणि शेपटी बघा. तिथे निळसर झाक असेल, तर जागचे हलू नका. दोन-तीन मिनिटांत एखादा मोठा टिकेल चोचीत किडा घेऊन येण्याची शक्यता बरीच असते, आणि मग ओळख तोच पक्की करतो.

६. निळे आहेत, पण टिकेल नाहीत

नीलांग: सगळा एकसारखा निळसर-हिरवट, डोळ्यापुढे काळा ठिपका, उंच उघड्या फांदीवर. हिवाळ्यात.

नीलमणी: नर आकाशी, मानेमागे काळा ठिपका आणि गळ्याखाली बारीक काळी रेघ. मादीला दोन्ही नाहीत. दोघांनाही नारिंगी रंग नाही. एका जागी बसत नाहीत.

निळ्या डोक्याचा शैलकस्तूर: बुलबुलाएवढा, पंखावर ठळक पांढरा पट्टा. गळा निळा. एकदा आकार मनात बसला की चूक होत नाही.

निळा रॉबिन: याच्याजवळ जरा थांबा, कारण याचा गळा नारिंगी आणि पाठ निळी, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही कसोट्या तो पार करतो. पण त्याच्या डोळ्यावर लांब पांढरी भुवई असते, शेपटी आखूड असते आणि तो जमिनीवर पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत चालतो. टिकेलला पांढरी भुवई नसते. हिवाळ्यात किंवा ये-जा करण्याच्या दिवसांत जमिनीवर ‘टिकेल’ दिसला तर आधी भुवई बघा.

७. सावलीतला निळा रंग

माझ्या जुन्या वहीत ‘काळा पक्षी, नारिंगी छाती’ अशाही दोन नोंदी आहेत. तो टिकेलच होता. पक्ष्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा निळा रंग दिसतो. प्रकाशच कमी असेल, किंवा पक्षी उजेडाच्या विरुद्ध बाजूला असेल, तर तीच पाठ काळी किंवा करडी दिसते. नारिंगीचं तसं नाही, तो रंगद्रव्याचा असतो आणि मंद उजेडातही टिकतो.

म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी जागा घ्या. ते जमत नसेल तर पक्षी मान वळवेपर्यंत वाट बघा. एका कोनातून काळा दिसलेला खांदा पुढच्या क्षणी लखकन निळा होतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत की पाठीचा रंग लिहिण्याची घाई तुम्ही पुन्हा करणार नाही. मादीच्या बाबतीत तर ही घाई हमखास नडते: सावलीत करडट निळा आणि तपकिरी यांत फरक करणं खरोखर कठीण असतं. खात्री नसेल तर वहीत ‘माशीमार, मादी, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. ती पूर्ण नोंद आहे.

८. ॲप आणि कॅमेरा यांच्यावर किती विसंबावं

मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं. शिकताना त्याची मदत होते, मी स्वतः वापरते. पण सुचवलेलं नाव म्हणजे ‘इकडे बघ’ अशी खूण. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत आणि गळा-पाठ जुळेपर्यंत ते यादीत टाकू नका. ओढ्याच्या आवाजात बारीक स्वर बुडतात आणि ॲप दुसरंच नाव दाखवतं, हे वारंवार होतं.

फोटोत रंगांचा घोळ आणखी वाढतो. हिरव्या पानांच्या छायेत कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने रंग बदलतो आणि करडी मादी कधी हिरवट, कधी तपकिरी करून टाकतो. ओळखीसाठी एक सुंदर फोटो काढण्यापेक्षा तीन साधे काढा: समोरून, बाजूने आणि मागून. फ्लॅश बंद ठेवा.

९. घरट्यापासून लांब

टिकेल झाडाच्या ढोलीत, दरडीच्या कपारीत, मुळांच्या खोबणीत घरटं करतो, कधी वाटेच्या अगदी कडेला. अंडी तीन ते पाच. चोचीत गवत किंवा किडा घेतलेला पक्षी त्याच त्या कपारीकडे जाताना दिसला तर तिथून निघा. फांद्या बाजूला करून आत डोकावू नका. आपण पाडलेली वाट साप आणि मुंगूससुद्धा वापरतात.

मोबाइलवर त्याचं गाणं लावून त्याला बोलवणं हा आता सर्रास प्रकार झाला आहे. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला. तो गाणं, खाणं, पिल्लांना भरवणं सगळं सोडून भांडायला येतो, आणि समोर कोणी नसतंच. एका सकाळी पाच गट आले तर पाच वेळा. एवढ्या सहज दिसणाऱ्या पक्ष्यासाठी हे करायची मुळीच गरज नाही. कोणी करत असेल तर नम्रपणे थांबवा.

१०. संध्याकाळी शेवटपर्यंत थांबा आणि तिथेच लिहा

परवानगीच्या वेळेत बसत असेल तर एक संध्याकाळ डबक्याजवळ घालवा. बुलबुल, सातभाई, चष्मेवाले असे पक्षी आंघोळ करून पांगतात, आवाज शांत होतात, आणि आता काही येणार नाही असं वाटतं. टिकेल तेव्हा येतो. इतर पक्षी झोपायला गेल्यावरही तो बराच वेळ किडे टिपत असतो, आणि अंधारत्या पाण्यात पटकन बुडी मारून वर फांदीवर पंख फुलवून बसतो.

नोंद तिथेच लिहा, घरी जाऊन नाही. रंगांची आठवण परतीच्या प्रवासातच बदलायला लागते. माझी नोंद साधारण अशी असते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला:

“कर्नाळा, ११ मे. सकाळी ७.४०. ओढ्याचं वळण, आटलेला, एक डबकं. आधी गाणं, तीन वेळा. वेलीवर, छातीएवढ्या उंचीवर, अंदाजे सहा मीटर. गळा नारिंगी, चोचीपासून सलग छातीपर्यंत. पोट पांढरं, हद्द स्पष्ट. पाठ आधी काळी वाटली, मान वळवल्यावर निळी. कपाळ उजळ. भुवई पांढरी नाही. शेपटी दोनदा हलवली. खाली झेप, हिरवी अळी. ७.४४ ला दुसरा पक्षी आला, करडट निळा, गळा फिका नारिंगी. टिकेल, नर आणि मादी.”